नवीन कॉन्ट्रिब्युटर नंतर, आधी रिव्ह्यू करणारे वाचवा

धागाकर्ता: मोठ्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टमध्ये कॉन्ट्रिब्युटर किती वाढले हे सगळे मिरवतात, पण त्यांच्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल आत घ्या' अशा विनंत्या, वाचणारे किती उरलेत हे कोणी विचारत नाही. कोड पाठवणारे हजारो, तो मर्ज करायचा (प्रोजेक्टमध्ये सामील करून घ्यायचा) हक्क मूठभरांकडे, तेही बऱ्याचदा नोकरी सांभाळून रात्री बसणार, मग माणूस थकणार नाही तर काय होणार? हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावला की टीशर्ट मिळायचा तो उपक्रम; २०२० मध्ये त्या टीशर्टसाठी लोकांनी रीडमीतला (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमधला) एखादा शब्द बदलून रिक्वेस्टचा नुसता मारा केला, शेवटी आयोजकांनाच नियम बदलावा लागला की ज्या प्रोजेक्टला हवंय तोच सामील होईल. माझं म्हणणं, जेवढं नीट वाचून होईल तेवढंच आत घ्या, बाकीचं सरळ बंद करा.

पॅचवाला: अजिबात पटलं नाही. दार लावलं की आतला माणूस आणखी एकटा पडतो. एक्सझेड आठवा, फाइल लहान करायचं ओपन सोर्स टूल. मेंटेनर (ते सांभाळणारा) एकटा, २०२२ मध्ये त्याने उघड लिहिलेलं की मानसिक त्रासामुळे फार जमत नाहीये, तरी लोक मागे लागलेले की दुसऱ्या कोणाला तरी दे, आणि जो मदतीला आला त्यानेच २०२४ मध्ये ५.६.० आवृत्तीत बॅकडोर (आत शिरायची चोरवाट) घुसवलं. विश्वासाचे आणखी चार जण सोबत असते तर?

धागाकर्ता: ते चार जण तयार करायलाच तर वेळ हवा ना! तो वेळ सगळा रिक्वेस्टचा ढीग उपसण्यात जातोय.

रात्रपाळी: दोघांचंही अर्धंच खरं आहे. कुबरनेटीसमध्ये (बऱ्याच सर्व्हरवर अ‍ॅप चालवायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) मेंबर, रिव्ह्यूअर, अप्रूव्हर अशी पायरी आहे, सन्मानाने बाजूला व्हायची सोय पण आहे, तरी त्यातलं इन्ग्रेस एनजिनएक्स (बाहेरचा ट्रॅफिक आतल्या अ‍ॅपकडे वळवणारा भाग) एकदोघं फावल्या वेळात ओढत होते आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते बंद करतोय असं जाहीर करावं लागलं. वापरणाऱ्या कंपन्या ढिगाने होत्या. त्यांनी आपल्या माणसांना पगारी वेळ द्यावा, एवढी साधी गोष्ट आहे.

पॅचवाला: पैशाने मारा कमी होईल, भांडणं नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत २०१८ ला पीईपी ५७२ या बदलाच्या प्रस्तावावरून इतकी ओढाताण झाली की भाषेचे जनक गुइडो व्हान रोसमनी अंतिम निर्णयाचं पदच सोडलं, पुढे पाच जणांची निवडून दिलेली कौन्सिल आली. म्हणजे एकाच्या डोक्यावरचं ओझं वाटलं गेलं, मी हेच म्हणतोय.

धागाकर्ता: वाटणी मान्य. पण कौन्सिल काही रोजच्या रिक्वेस्ट वाचत नाही. नवीन माणसाने एक पाठवायच्या आधी दुसऱ्याच्या दोन वाचाव्यात, असा नियम करा, मग दार उघडं ठेवायला माझी हरकत नाही.