टीम जमते कशी? कोकणातल्या कामाच्या जागांवरचे अनुभव

लोटे | रासायनिक कारखाना

लोटे-परशुराम एमआयडीसीत नोकरी करतो. वर्षातून एकदा गुहागरला सहल असते, दोरीखेच होते, मजा येते. पण प्लँटवर माणसं एकमेकांना धरून काम करू लागली ती शिफ्ट हँडओव्हरची पद्धत बदलल्यावर. आधी जाणारा ऑपरेटर लॉगबुकात दोन ओळी लिहून बस पकडायचा आणि एका पाळीचं खापर दुसऱ्या पाळीवर फुटायचं. आता जाणारा आणि येणारा दोघे मिळून फिरतात. चालू परमिट, बंद व्हॉल्व्ह, पंपाची गळती डोळ्यांनी बघतात, मगच दोघांच्या सह्या. यासाठी कंपनीने बस उशिरा सोडायला सुरुवात केली. ते झालं नसतं तर पद्धत आठवडाभरही टिकली नसती. फेरीत कंत्राटी हेल्परही असतो, कारण ड्रम कुठे हलवलेत ते त्यालाच ठाऊक.

तुमच्याकडे नेमकं काय बदललं आणि माणसं जुळली? ऑफिस, होडी, बाग, काहीही चालेल. जमलं नाही तेही लिहा.

मालवण | रापण

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोलात सोडतात, दोन्ही दोर किनाऱ्यावर. एका बाजूने जोर जास्त लागला की जाळं तिरकं होतं आणि बांगडो भायेर. म्हणून सगळे एका जाणत्याच्या हाकेवर ओढतात. पर्यटक याचेच फोटो काढतात. माझ्या मते खरी गोष्ट वाट्याची आहे. जाळ्याचा वाटा किती, होडीचा किती, माणसाचा किती, हे आधीच ठरलेलं असतं आणि हिशोब सगळ्यांदेखत होतो. मासळी कमी लागली तरी कुणाच्या मनात संशय राहत नाही. माझा भाचा मुंबईत मोठ्या कंपनीत आहे. त्यांच्याकडे बोनस कोणी आणि कशावरून ठरवला ते कुणालाच कळत नाही म्हणे. मगे जोर खंयसून येतलो?

वेंगुर्ला | काजू कारखाना, सुपरवायझर

आमच्याकडे ड्रायर आणि सोलणी यांचं रोज भांडण. गर जास्त सुकला तर सोलताना तुटतो, कमी सुकला तर साल चिकटून बसते. सोलणाऱ्या बायकांची मजुरी किलोवर, त्यामुळे नुकसान त्यांचं. ड्रायरवाल्याला त्याची झळच नव्हती. अख्खा गर आणि पाकळी (तुटलेला अर्धा गर) यांच्या भावात किती फरक असतो हे या धंद्यातल्यांना सांगायला नको.

आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रत्येक घाणा काढण्याआधी सोलणीतल्या एका बाईने मूठभर गर सोलून बघायचा, आणि ती 'थांब' म्हणाली तर ट्रे बाहेर काढायचा नाही. दुसरं, अख्ख्या गराच्या प्रमाणावर मिळणारी जादा रक्कम ड्रायर, सोलणी, ग्रेडिंग या तिघांत वाटायची. पहिल्या गोष्टीला ड्रायरवाल्यांचा फार विरोध झाला, बाईमाणसाने आम्हाला सांगायचं का म्हणून. मालकांनी ठामपणे सांगितलं की सांगायचं. आज तेच ड्रायरवाले त्या काकींना हाक मारतात, "काकी, बघून जावा जरा."

चिपळूण | बँक

जमलं नाही ते लिहितो. २२ जुलै २०२१ च्या पुरात शाखेत चिखलच चिखल. मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी खराट्याने गाळ काढला, एका डब्यात जेवलो. वाटलं, आता ही शाखा एक झाली. दिवाळीपर्यंत पुन्हा जुने गट, जुने रुसवे. संकटात माणसं एकत्र येतात ती संकटामुळे. रोज काउंटरला गर्दी झाली की कोणी उठायचं हे ठरलेलं नव्हतं, ते पुरानंतरही ठरलं नाही.

संगमेश्वर | रेल्वे, ट्रॅक

पावसाळ्यात दरडीच्या भागात रात्रभर गस्त असते. दोन गस्तवाले आपापल्या हद्दीच्या टोकाला भेटतात आणि गस्तीचं पुस्तक बदलतात. समोरचा आला नाही तर काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं. आणि धोका दिसला तर ट्रॅकमन लाल बत्ती दाखवून, रुळावर पटाके (चाकाखाली फुटून ड्रायव्हरला इशारा देणारे) लावून राजधानीसुद्धा थांबवतो, साहेबाला विचारायला थांबत नाही. गाडी थांबवली आणि दरड निघाली नाही, तरी आमचे इंजिनियर त्याला बोलत नाहीत. एकदा बोलले की पुढच्या वेळी तो घुटमळणार.

रत्नागिरी | परिचारिका

वरचं वाचून आठवलं. अमेरिकेत संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त आढळली, कारण तिथे माणसं त्या उघड सांगत होती. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं आणि मनोमन पटलं.

पण आमच्या वॉर्डात ताण असतो तो रजांचा. कोकणात गणपतीला रजा नको म्हणणारं कोण आहे? आमच्या सिस्टर इन्चार्ज जूनमध्येच सगळ्यांना समोर बसवून यादी करतात. कुणाचा दीड दिवसाचा गणपती, कुणाकडे गौरी, कुणाची घरात एकटीच सून. मुस्लिम आणि ख्रिस्ती मैत्रिणी ते दिवस उचलतात, ईदला आणि नाताळला आम्ही. शिमग्याचं जरा सोपं, तेरसे शिमगे आणि भद्रेचे शिमगे वेगळ्या दिवशी, गावागणिक पालखीही वेगळी. यादी भिंतीवर लागते आणि ज्यांनी दिवस बदलले त्यांनी स्वतः खोडून लिहायचं.

लोटे | रासायनिक कारखाना

ताई, ईद चंद्रावर ठरते. मग यादीत कशी लिहिता?

रत्नागिरी | परिचारिका

ईद ज्या दोन दिवसांपैकी एका दिवशी येऊ शकते ते दोन्ही दिवस मुस्लिम मैत्रिणीच्या नावापुढे मोकळे ठेवतो आणि दोन्ही दिवसांसाठी एकेक जण तयार असते. चंद्र दिसला की तिचाच फोन येतो. त्या वेळी जिची गरज उरत नाही ती घरी राहते, तिची रजा कापली जात नाही. हे इन्चार्जनी मेट्रनकडून मंजूर करून घेतलंय.