तातडीने मदत हवी आहे: पॉर्न सुटत नाहीये, थेरपी नक्की कुठली घ्यायची?

तात्पुरता_आयडी
नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये, समजून घ्या. पॉर्न बघणं हाताबाहेर गेलंय. ब्लॉकर लावून झाले, शपथा घेऊन झाल्या. एका समुपदेशकाकडे गेलो, त्याने पाऊण तास संस्कारांवर व्याख्यान दिलं आणि पुढची तारीख दिली. परत गेलो नाही. यावर नक्की कुठली थेरपी असते आणि योग्य माणूस ओळखायचा कसा? ब्लॉकरची नावं देऊ नका. याच आठवड्यात सुरू करायचंय, लवकर सांगा.

चहाबाज
राउटरवरच फिल्टर टाका आणि पासवर्ड बायकोकडे द्या. विषय संपला.

तात्पुरता_आयडी
शेवटून दुसरं वाक्य वाचलंत का?

खडूस काकू
गाव कुठलं, वय काय, लग्न झालंय का, किती दिवसांपासून, कामावर परिणाम होतोय का? यातलं एकही सांगायचं नाही आणि वर 'लवकर सांगा'. कमाल आहे.

तात्पुरता_आयडी
पुणे. बाकीच्याचा काय संबंध?

शंकासुर
मुळात हा आजारच नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या यादीत, हे घालायचा प्रस्ताव होता, तो फेटाळला गेला. तरणीताठी माणसं बघतात, त्यात काय एवढं? व्यसन व्यसन म्हणून थेरपीवाल्यांची दुकानं चालतात.

मोकळा श्वास
मी या क्षेत्रात काम करते, म्हणून लिहिते. शंकासुर, डीएसएमचं बरोबर, पण पुढचं तुम्ही सोडलंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, 'कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर' (लैंगिक वागण्यावर ताबा न राहणं) आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. मात्र हे निदान व्यसनांच्या गटात नाही, आवेगांवर ताबा न राहण्याच्या गटात आहे. व्यसन म्हणावं की नाही यावर तज्ज्ञांचं अजून भांडण चालू आहे. ते त्यांना भांडू दे.

धागाकर्ते, काकूंचे प्रश्न चोंबडेपणाचे नाहीत. रोज किती वेळ बघता यावरून निदान होत नाही. आवरायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात का, झोप, काम, घरची माणसं मागे पडली आहेत का, नुकसान दिसत असूनही आणि आता त्यात मजा उरली नसतानाही चालूच आहे का, हे बघतात. तेही साधारण सहा महिने किंवा जास्त. आणि एक महत्त्वाचं: फक्त 'हे पाप आहे' म्हणून जीव जळत असेल, बाकी आयुष्य ठीक चाललं असेल, तर हे निदान करायचं नाही असं आयसीडीतच म्हटलंय. आठवड्यातून एकदा बघून आठवडाभर स्वतःला शिव्या घालणारे कितीतरी येतात. त्यांच्याशी बोलायचं असतं ते अपराधी भावनेबद्दल.

जडीबुटी
अश्वगंधा, शतावरी, सकाळी गार पाण्याने अंघोळ. वीर्यनाशाने स्मरणशक्ती जाते हे आधी समजून घ्या.

खडूस काकू
अरे देवा, असं काही होत नाही. र. धों. कर्वे जन्मभर कंठशोष करून गेले, आणि आपण अजून थेंबांचा हिशोब करतोय.

अडाणी वकील
कायद्याचं सांगतो. आपल्याकडे प्रौढांचं पॉर्न घरात एकट्याने बघणं हा गुन्हा नाही. प्रसारित करणं हा गुन्हा, आयटी कायदा कलम ६७. लहान मुलांचं काही असेल तर बघणं-साठवणंही गुन्हा, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते स्पष्ट केलंय.

चहाबाज
हे कोणी विचारलं होतं?

अडाणी वकील
वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल.

तात्पुरता_आयडी
बरं, सांगतो. वय ३१, आयटी, घरूनच काम. वर्ष उलटून गेलं. बायको बाळंतपणाला माहेरी गेल्यापासून फार वाढलंय. मीटिंग चालू असताना दुसऱ्या स्क्रीनवर बघतो. पहाटे तीनला झोपतो. अप्रेझलला मॅनेजरने 'लक्ष नसतं' असं तोंडावर सांगितलं. बघताना काही वाटतही नाही आता, नुसतं स्क्रोल. बायकोला माहीत नाही. पासवर्ड तिच्याकडे द्या म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.

निवांत पाटील
इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन या. माझं सिगरेटचं तिथेच सुटलं.

मोकळा श्वास
तिथे फोन जमा करून घेतात, दहा दिवस काय, कोणाचंही सुटेल. परत येऊन त्याच खोलीत त्याच दोन स्क्रीनसमोर बसायचंय. ध्यानाला विरोध नाही, पण मन आधीच खचलेलं असेल तर डॉक्टरशी बोलल्याशिवाय जाऊ नका.

निवांत पाटील
तुम्हाला अनुभव नाही म्हणून बोलताय.

मोकळा श्वास
असो. धागाकर्ते, आधी तीन गोष्टी सांगा. उदास वाटतं का, जगणं नकोसं होतं का? दारू? कुठल्या गोळ्या चालू आहेत? पार्किन्सनच्या किंवा रात्री पाय वळवळण्याच्या काही गोळ्यांनी, प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल वगैरे, लैंगिक आवेग अचानक वाढू शकतो. बायपोलर आजारात मन कधी अति चढतं, कधी खचतं; त्या तेजीतही हे दिसतं. म्हणून पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाशी झालेली बरी.

तात्पुरता_आयडी
गोळ्या नाहीत. दारू कधीतरी. उदास म्हणजे… रात्री वाटतं. मरावंसं वगैरे नाही.

मोकळा श्वास
तसं कधी वाटलं तर १४४१६ ला लावा. टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आता थेरपी. एक सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचार आणि सवयी बदलण्याची. तिच्यात आधी नोंद ठेवायला सांगतात: किती वेळा हे नाही, तर त्याच्या आधी काय झालं ते. कंटाळा, मॅनेजरचा मेल, रिकामं घर. बहुतेकांना तिथेच कळतं की इच्छा हे निमित्त, खरं काम चिंता दाबण्याचं चाललंय. मग त्या जागी दुसरं काय करायचं, झोप कशी सावरायची, घसरलं तर 'आता गेलंच सगळं' म्हणून रात्रभर बसायचं कसं नाही, हे शिकवतात. दुसरी एसीटी, म्हणजे ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. तिच्यात इच्छेशी कुस्ती खेळत नाहीत. लाट येते, चढते, ओसरते, तोवर तिच्याकडे बघत बसायचं आणि आपल्याला जे महत्त्वाचं ते करत राहायचं. अमेरिकेत २०१६ साली २८ पुरुषांवर १२ सत्रांचा प्रयोग झाला, बघणं खूप कमी झालं. पण २८ म्हणजे मूठभर, त्यामुळे कोणी हमी देत असेल तर उठून या. औषधंही कधी देतात, नैराश्यावरची किंवा दारू सोडवायला देतात ते नाल्ट्रेक्सोन. ते डॉक्टर ठरवतील.

शंकासुर
२८ माणसं! म्हणजे मी म्हणत होतो तेच.

मोकळा श्वास
पुरावा कमी आहे हे मीच वर लिहिलंय. त्रास खोटा आहे असं त्यातून निघत नाही.

आईची_काळजी
माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, मोबाइलमध्ये असलं काहीतरी सापडलं. काय करू?

खडूस काकू
ताई, नवा धागा काढा, तिथे येते. तोवर त्याला मारू नका.

तात्पुरता_आयडी
योग्य माणूस ओळखायचा कसा हे राहिलंच. आणि ऑफिसात कळेल का?

मोकळा श्वास
क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, देतात. फोनवरच विचारा: तुम्ही सीबीटी किंवा एसीटी करता का, अशा तक्रारी हाताळल्यात का? उत्तरात 'चारित्र्य' शब्द आला की फोन ठेवा. गुप्ततेचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये आहे. बिल कंपनीच्या विम्यात टाकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बंगळुरूच्या निम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत 'शट क्लिनिक' आहे, २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरावरच काम करतात. पण दर आठवड्याला जायचंय तर पुण्यातलाच माणूस बघा. बायकोला कधी आणि किती सांगायचं हे दोन-तीन सत्रं झाल्यावर थेरपिस्टशी बोलून ठरवा. ओल्या बाळंतिणीला आज रात्री फोनवर सांगू नका.

तात्पुरता_आयडी
ऑनलाइन चालेल का? वन बीएचके आहे, पुढच्या महिन्यात सासूबाई बाळासोबत येतायत.

चहाबाज
पार्किंगमध्ये गाडीत बसून करा. माझा मित्र तसंच करतो, काचा वर आणि एसी चालू. फक्त बेसमेंट नको, रेंज जाते.

तात्पुरता_आयडी
हे कामाचं सांगितलंत. गुरुवारी संध्याकाळची वेळ मिळालीये.