मदत हवी आहे: घोडा कालव्याच्या पुलावर अडतो, शिवजयंतीला महिना राहिलाय

बादलवाला
नमस्कार मंडळी. डायरेक्ट मुद्द्यावर येतो. माझा घोडा बादल मखमलाबादच्या पुढे कालव्याच्या पुलापर्यंत एकदम मस्त जातो आणि पूल दिसला की थांबला म्हणजे थांबला. टाच मारली की मागे सरकतो, चाबूक दाखवला की गर्रकन वळून घराकडे निघतो, मागच्या वेळी तर मला घेऊन थेट द्राक्षाच्या तारांत शिरला, पोटरी आठ दिवस काळीनिळी होती. बाहेर रानात फिरवलं की घोड्याची भीड चेपते असं सगळे सांगतात म्हणून रेग्युलर नेतो, पण ह्याची भीड चेपायच्या ऐवजी वाढतच चाललीय. १९ फेब्रुवारीला गावच्या मिरवणुकीत पुढे आपला घोडा असणार असा पोरांना शब्द देऊन बसलोय. नेमकं काय करू ते सांगा, लवकर.

सिन्नरचा_घोडेवाला
भाऊ, तुम्ही घोड्याला डोक्यावर बसवलंय. वीस वर्षं वरातीला घोड्या लावतोय, सांगतो ते ऐका. नांगरलेल्या वावरात न्या आणि अर्धा तास पळवा, फेसाळला की मग पुलावर घाला. थकलेला घोडा नखरे करत नाही. कानात कापूस घाला, तेही बरं पडतं.

रानवाट
वय काय? कधी आणलाय? आधी कोणाकडे होता? लगाम कसला घालता? एकटाच नेता की सोबत दुसरा घोडा असतो? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार. आणि प्लीज नांगरलेल्या वावरात पळवू नका, कोवळा असेल तर पायाची वाट लागेल.

फक्त_सायकल
त्या कालव्याच्या रस्त्यावर सकाळी आम्ही सायकलवाले असतो. घोडेवाल्यांनी लीद उचलायची काही सोय करावी ही नम्र विनंती. दोनदा घसरलोय.

बादलवाला
@रानवाट चार वर्षांचा आहे. वर्षभरापूर्वीच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणला. कुमेद रंगाचा, मारवाडी जातीचा, कान बघाल तर टोकं एकमेकांना टेकतात. लगाम बाजारात मिळतो तोच. गरीब आहे हो, पोरं पोटाखालून जातात, फक्त त्या पुलाचं काय होतं कळत नाही. सायकलवाले दादा, लीद वाफ्यात टाका, गुलाब येतील.

टांगा_आणि_मी
झापड लावा, विषय संपला. आमच्या आजोबांचा टांगा होता, पंचवटी ते नाशिकरोड, तेव्हा एसटी, ट्रक, रेल्वेची शिट्टी सगळं होतं पण घोडा कधी बुजला नाही, कारण डोळ्याला झापड. घोड्याला दिसलंच नाही तर घाबरेल कशाला? ते दिवस गेले, आता टांगा दाखवायचा म्हटलं तर नातवाला मोबाईलवर दाखवावा लागतो. द्वारका चौकात तेव्हा झाडं होती हो.

रानवाट
दादा, टांग्याचं गणित वेगळं. तिथे मागे चाकं फिरत असतात, ती दिसू नयेत म्हणून झापड. पाठीवर माणूस असलेल्या तरण्या घोड्याचे डोळे झाकले तर पुलाचा आवाज येणार आणि दिसणार काहीच नाही, अजून बिथरेल. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं नाही. म्हणून जमिनीवरची वस्तू बघायची तर तो मान खाली घालतो, वास घेतो, फुरफुरतो. आता @बादलवाला तुम्ही सांगा, पूल आला की लगाम आवळून धरता का?

बादलवाला
आवळूनच धरणार ना, सैल सोडला तर पळेल की.

रानवाट
झालं. मान वर बांधली की त्याला पायाखालचं काही दिसत नाही, आणि तुम्हीही ताठ झालात हे त्याला पाठीवर कळतं. म्हणजे धन्यालाही इथे काहीतरी भ्या वाटतंय असा त्याचा समज. लगामाचा फोटो टाका, तोंडात जातो तो भाग.

अश्वलक्षण
अंगावरचे केसांचे भोवरे तपासलेत का? डोळ्याखाली भोवरा असेल तर असा घोडा पाण्याला अडतोच. मानेवर देवमण, म्हणजे शुभ भोवरा, आहे का? फोटो पाठवा.

सिन्नरचा_घोडेवाला
भोवऱ्याने घोडा अडत नसतो महाराज, भोवऱ्याने किंमत पडते. दोन हजार पाडून घ्यायचं असलं की व्यापारी भोवरा दाखवतो.

पेठरोड_पाहुणा
विकायचाय का? किंमत सांगा.

बादलवाला
विकायचा नाही. लगामाचा फोटो टाकलाय. दातांचा पण टाकलाय, रानवाट ताईंनी मेसेजमध्ये मागितला म्हणून. बोट चावला.

निफाडचा_पशुवैद्य
फोटोवरून निदान करत नाही, तरी दोन गोष्टी दिसतात त्या बोलतो. पहिली, हा चार वर्षांचा नाही. मधले दोन दात पक्के आलेत, त्यांच्या शेजारचे दुधाचेच आहेत. मधले साधारण अडीच वर्षाला बदलतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. म्हणजे हा फार तर तीन-सव्वातीनचा, आणि तुम्ही आणलात तेव्हा दोन-सव्वादोनचा असणार. व्यापाऱ्याने वय वाढवून सांगितलंय. दुसरी गोष्ट, ह्या वयात दाढाही बदलत असतात, हिरड्या दुखतात, दाढांच्या पुढे एखादा छोटा जादा दात असला तर लगाम त्यावर आपटतो. जवळच्या डॉक्टरांना तोंड उघडून बघू दे. धनुर्वाताची लस कधी झाली तेही बघा, तारेत शिरला म्हणताय. तुमचं वजन किती?

बादलवाला
व्यापारी तर चार म्हणाला होता. वजन ८८. का?

निफाडचा_पशुवैद्य
मोठ्या, पक्क्या घोड्यालासुद्धा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर ओझं देऊ नये असा ठोकताळा आहे, त्यात खोगीर धरून. तुमचा बादल साडेतीनशे किलो धरला तरी सत्तरच्या आसपास येतं. शिवाय कणा पक्का व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. म्हणजे तुम्ही बसायचं की हातात धरून चालवायचं हे तुम्हीच ठरवा.

रानवाट
लगामाचा फोटो बघितला. हा काटेरी आहे. आधी हा काढून फेका, आजच. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे सरकारी नियम आहेत, त्यातही असल्या काटेरी लगामाला मनाई आहे. पूल दिसला की तोंडात टोचतं, मग त्याने काय समजायचं? पूल म्हणजे दुखणं. मलाही टोचलं असतं तर मी पण घराकडे पळाले असते.

सिन्नरचा_घोडेवाला
ताई, सगळा बाजार तोच लगाम वापरतो. वरातीत शंभर माणसं नाचतात, फटाके फुटतात, तिथे साध्या लगामावर घोडी धरून दाखवा मग बोलू.

रानवाट
वरातीतली घोडी कशी उभी असते हे बघितलंय मी. उभी असते, पण डोळे बघा तिचे. असो, त्यांचा प्रश्न वरातीचा नाही.

सिन्नरचा_घोडेवाला
त्यांचा प्रश्न मिरवणुकीचाच आहे, वर वाचा.

ऊस_आणि_मी
कोणी बिबट्याचं बोललंच नाही. कालव्याच्या कडेला ऊस आहे का? आमच्या दिंडोरीच्या बाजूला बैल असेच एका ठिकाणी अडायचे, नंतर कळलं ऊसात मादी पिल्लं घेऊन होती. जनावराला वास येतो. तुम्ही चाबूक मारताय आणि तो तुमचा जीव वाचवतोय.

बादलवाला
ऊस नाही, द्राक्षं आहेत. बागेला चमकी पट्टी लावलीय पाखरांसाठी, ती फडफडते. आणि फवारणीचा ब्लोअर चालू असतो. पुलाचे कठडे ह्यावर्षी पांढरे रंगवलेत. पण दिवाळीपर्यंत ह्याच पुलावरून जात होता की!

रानवाट
अहो!! हे आत्ता सांगताय? दिवाळीपर्यंत जात होता, मग दिवाळीनंतर काय बदललं?

बादलवाला
काही नाही. राणी गेली एवढंच.

रानवाट
राणी कोण?

बादलवाला
काकांची म्हातारी घोडी. काका तिच्यावर पुढे, मी बादलवर मागे. काकांचा गुडघा दुखायला लागला म्हणून घोडी मामाकडे चांदवडला पाठवली. तेव्हापासून एकटाच नेतो.

टांगा_आणि_मी
शेपटी धरून चालणारं पोरगं जत्रेत एकटं सोडलंत की हो तुम्ही.

रानवाट
तेच. पूल राणी ओलांडत होती, बादल राणीच्या मागे जात होता. त्याने स्वतः पूल कधी ओलांडलाच नाही. आता अजून एक सांगा. रेग्युलर म्हणजे आठवड्यातून किती वेळा?

बादलवाला
दर रविवारी. एकही रविवार चुकवला नाही. बाकीचे दिवस कंपनीत शिफ्ट असते, सातपूरला.

निफाडचा_पशुवैद्य
आणि सहा दिवस?

बादलवाला
तबेल्यात. खायला कमी नाही काही, सकाळी दोन किलो हरभरा, संध्याकाळी दोन किलो, घास, कोंडा.

निफाडचा_पशुवैद्य
चार किलो हरभरा खाऊन सहा दिवस बांधलेला तीन वर्षांचा घोडा. सातव्या दिवशी तो पुलापर्यंत नीट जातो हेच मला आश्चर्य वाटतंय. हरभरा टप्प्याटप्प्याने एक किलोवर आणा, कडबा-सुकं गवत वाढवा, दिवसा मोकळा सोडा.

मेकॅनिक_अंबड
चार किलो हरभऱ्याच्या पैशात बुलेटचं पेट्रोल होतं. पूल दिसला की अडत पण नाही.

सिन्नरचा_घोडेवाला
हरभऱ्याचं डॉक्टर साहेब बरोबर बोलले, ते मला आधी माहीत असतं तर मीही पळवायचं बोललो नसतो. बांधलेला घोडा म्हणजे दाबलेली स्प्रिंग. पण भाऊ, मिरवणूक यंदा सोडा. मी धंद्यातला माणूस सांगतोय. घोडी ढोलाला तयार करायला मला सहा महिने लागतात, आधी दाणा खाताना लांबून मोबाईलवर ढोल, मग वावराच्या पलीकडून खरा, मग जवळ. नाशिक ढोलाच्या पन्नास जणांच्या पथकापुढे तुमचं तीन वर्षांचं पोर उभं केलंत आणि उधळलं तर तुमची पोटरी नाही, कोणाचं तरी लेकरू जाईल.

बादलवाला
पोरांना शब्द दिलाय हो. बरं ते सोडा, पुलाचं काय करू ते सांगा.

रानवाट
बसू नका. हातात म्होरकी आणि लांब दोर, सकाळी लवकर, ब्लोअर सुरू व्हायच्या आधी. शिफ्टच्या आधी वीस मिनिटं पुरतात, पण रोज. पुलाच्या आधी जिथे त्याचे कान ताठ होतात तिथेच थांबायचं, त्याच्या पुढे ओढायचं नाही. दोर सैल. मान खाली घालून बघू दे, फुरफुरू दे, चाटू दे, ओठ हलवले की दोन पावलं पुढे. घाबरून वळायच्या आत तुम्ही स्वतःहून परत फिरायचं. आत्तापर्यंत काय झालंय, तो वळतो, तुम्ही तारेत, मग घरी. म्हणजे वळलं की घरी जायला मिळतं हे तुम्हीच शिकवलंत. आणि घरी आल्यावर लगेच दाणा देत असाल तर तेही बंद करा. हेल्मेट घालताय ना? चालवतानासुद्धा घाला.

फक्त_सायकल
सकाळी लवकर म्हणजे किती वाजता? आमचा ग्रुप सहाला असतो. आम्ही घंटी वाजवू की नको?

रानवाट
वाजवू नका, माणसाच्या आवाजात लांबूनच बोला. मागून गुपचूप येऊ नका.

टांगा_आणि_मी
तरी झापड लावून बघायला काय हरकत होती.

बादलवाला
अपडेट. लगाम काढला, साधा घेतला, पण अजून घातला नाही. डॉक्टर येऊन गेले, जादा दात आहे एका बाजूला, सुजलंय, पुढच्या आठवड्यात काढणार. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. सोमवारपासून रोज पहाटे चालत नेतोय, थंडी मरणाची आहे. सोमवारी पुलाच्या शंभर फूट आधीच कान ताठ, तिथूनच परत. मंगळवारी थोडं पुढे. बुधवारी कठड्याला नाक लावलं आणि एवढ्या जोरात फुरफुरला की मीच दचकलो. ते बघून सायकलवाल्यांपैकी एकजण हसला, तो तुम्हीच का? मिरवणुकीचं पोरांना सांगितलं यंदा घोडा नाही. दोघं बोलत नाहीत माझ्याशी.

फक्त_सायकल
मीच तो. सॉरी.

अश्वलक्षण
देवमणाचा फोटो राहिला.

बादलवाला
अर्जंट. आज शुक्रवार. पुलापाशी उभे होतो तेवढ्यात आमचा दूधवाला एम-८० गाडीवर किटल्या खडखडवत आला, बादल त्या आवाजाला ओळखतो कारण रोज गोठ्याजवळ येतो, तो पुढे गेला आणि बादल त्याच्या मागे चालायला लागला, मी दोर सैल सोडला आणि आम्ही पुलाच्या पलीकडे!! पण आता परत यायला तयार नाही. तिकडून तोच पूल आहे, तेच कठडे, तरी पाय टाकत नाही. दूधवाला पुढे निघून गेला. माझी साडेआठची शिफ्ट आहे. लवकर सांगा.

रानवाट
त्याच्यासाठी हा दुसरा पूल आहे. उलट्या बाजूने सगळं वेगळं दिसतं त्याला. ओढू नका. बांधावर गवत आहे का? चरू द्या, तुम्ही बसा.

बादलवाला
बसलोय. किती वेळ?

सिन्नरचा_घोडेवाला
दूधवाला परत त्याच रस्त्याने येतो ना?

बादलवाला
नऊला येतो.

सिन्नरचा_घोडेवाला
मग नऊपर्यंत. सुपरवायझरला सांगा पूल बंद आहे, २०२७ च्या कुंभाचं काम चालू आहे. नाशकात कोणीही विश्वास ठेवेल.

पेठरोड_पाहुणा
विकायचा विचार झाला तर सांगा, मी मुंगसऱ्याला असतो. तुम्ही आता माझ्याच बाजूला आहात, पूल ओलांडायची पण गरज नाही.