मदत हवी आहे: लष्करी तळावरचा कोळशाचा स्टीम-वीज प्लांट, खर्चाची वाटणी कशी करायची?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये चौदा वर्षं बॉयलर सांभाळतोय. थोरली लेक एम.टेक. करतीय. तिचा प्रबंध लष्करी तळांवर कोळशापासून स्टीम आणि वीज करणं परवडतं का, यावर आहे. अमेरिकी काँग्रेसनं १९८० च्या दशकात संरक्षण खात्याला तळांवर कोळसा वाढवायला सांगितलं आणि १९८६ साली तेलाचे भावच कोसळले, तिथून ती सुरुवात करतीय. उदाहरण अलास्कातल्या फोर्ट वेनराइट या लष्करी तळाचं घेतलंय. प्लांट १९५० च्या दशकातला, कोळसा अलास्कातल्याच हिली गावच्या खाणीतून रेल्वेनं येतो. वीजही तिथंच होते आणि जमिनीखालच्या बोगद्यांतून स्टीम इमारतींना जाते.

आमचं घोडं अडलंय ते वाटणीवर: एकाच कोळशाचा खर्च विजेवर किती टाकायचा आणि स्टीमवर किती. कोळसा किलोला ४००० किलोकॅलरी उष्णता देणारा आणि ८ रुपये किलो धरला, बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के. ४५ बार दाबाची एक टन स्टीम करायला साधारण २३० किलो कोळसा, म्हणजे १८४० रुपये. ती बॅक प्रेशर टर्बाइनमधून (वीज करून उरलेली कमी दाबाची स्टीम वापराला बाहेर देणारं टर्बाइन) ३.५ बारवर उतरवली की शंभरेक युनिट वीज मिळते आणि बाकी उष्णता स्टीममध्ये शिल्लक राहते. लेक उष्णतेच्या हिशोबानं वाटते. विजेच्या वाट्याला सातवा हिस्सा, म्हणजे युनिट २ रुपये ६० पैशांना आणि स्टीम जवळपास १५८० रुपये टन. माझं म्हणणं, ती वीज बाहेरून ८ रुपयांनी घ्यावी लागली असती, तर ८०० रुपये वजा करा, स्टीम १०४० ला पडते. कोळसा तोच, पण गॅसच्या बॉयलरशी तुलना करायला बसलं की निकाल पालटतो.

आणि हे सगळं स्टीमला गिऱ्हाईक असेल तरच. उन्हाळ्यात तळाची स्टीमची मागणी घटली की बॅक प्रेशरची वीजही घटते. भांडवलाचा वर्षाचा बोजा ३ कोटी धरा: वर्षाला लाख टन स्टीम गेली तर टनाला ३०० रुपये, तीस हजारच गेली तर १०००. माझ्या मते कोळशाच्या भावापेक्षा खरी मेख इथं आहे.

राखीव बॉयलरचं काय, हेही सांगा. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं ओला कोळसा आला, शेगडीवर क्लिंकर (राख वितळून झालेले कडक गठ्ठे) धरला, स्टीमच्या प्रेशरचा काटा १० वरून ७ वर आला. फायरमन आणि मी रात्रभर सळईनं फोडत होतो. आमचं कापड थांबलं, एवढंच. उणे ४० अंशांत तळाच्या पाइपा गोठतील, माणसं गारठतील. म्हणजे एक बॉयलर कायम राखीव हवाच. त्याचा खर्च स्टीमवर टाकायचा, विजेवर, की संरक्षणाचा म्हणून वेगळा दाखवायचा?

साखर कारखान्याच्या को-जनमध्ये (स्टीम आणि वीज एकत्र करणारा प्लांट) कॉस्टिंग केलेलं कुणी असेल तर तिथली पद्धत जरूर लिहा. तुमच्याकडं बगॅस (उसाचं चिपाड) घरचा असतो, त्याला भाव कोणता लावता? पुढच्या महिन्यात लेकीला गाईडसमोर आकडे मांडायचेत.