सणावाराला तुमच्या घरी काय धमाल चालते? (अनुभव धागा)

वऱ्हाडी_ठेचा: काल माळ्यावरून ताडपत्री काढताना जुना लाकडी नंदी सापडला. एक चाक गायब, शिंगांना बेगड अजून चिकटून. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, हाच ओढत घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायचो. आता आमच्या घरी नंदी सजवायचा तो म्हाताऱ्यांनी आणि नंबर काढायचे पोट्ट्यांनी. मागच्या वर्षी आजीनं नंदीला आपला जुना चष्मा लावला, पहिला नंबर! तुमचं सांगा, कोणताही सण चालेल.

कपाशीचं_बोंड: बैल विकले, पण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायची खांदमळणी सुटली नाही. ट्रॅक्टरच्या बोनेटले हळद-तूप लावून लेकरं म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाबा आधी चिडतात, मंग स्वतःच झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, सुरू करतात.

बांधावरचा: जेवाले पुरणपोळी देता का डिझेल?

कपाशीचं_बोंड: दोन्ही महागच हाये बाप्पा

माहेरवाशीण_यवतमाळ: भुलाबाई, पोरींचा गाण्यांचा सण! ज्वारीच्या धांड्यांचा मखर, गाणी, आणि शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखायची. आता पुरुषांनाही बसवतो. सासऱ्यांनी डबा कानाशी धरून हलवला, उलटा केला, "रिकामा हाये" म्हणून जाहीर केलं. आत शिरा, बुडाला घट्ट बसलेला. कोजागिरीपर्यंत रोज त्यांना तेच ऐकवलं.

बांधावरचा: आमच्याकडे मारबतीच्या दिवशी (पोळ्याचा दुसरा दिवस, इडापिडा गावाबाहेर घालवायचा) प्रत्येकानं घरातली एक कटकट चिठ्ठीवर लिहायची. चिठ्ठ्या जुन्या टोपलीत, टोपली गावाबाहेर, "घेऊन जा गे मारबत!" बायकोच्या चिठ्ठीवर माझा मोबाईल होता.

झाडीपट्टीकर: पोळ्यावरच अडकले सगळे. दिवाळीनंतर या भंडाऱ्याकडे. मंडई (आमच्याकडची गावजत्रा), घरभर पाहुणे, रात्रभर नाटक. पोरं दुसऱ्या दिवशी अंगणात तेच नाटक करतात, खलनायक व्हायला भांडण.

पळसफूल: होळीच्या चाकोल्या (माळेसाठी शेणाच्या भोकाच्या चकत्या) लेकरांकडून करून घ्या. भोक ओलं असतानाच मोठं पाडा, वाळल्यावर सुतळी जात नाही. रंगाला पळसाची फुलं उकळून. बाकी नंतर, लाईन गेली

माहेरवाशीण_यवतमाळ: कोणी महालक्ष्म्यांची आंबील सांगा ना, माझी दरवेळी फाटते

आजीची_नात: ज्वारीचं पीठ रात्रीच ताकात भिजव. मंद आचेवर, हात थांबवू नको. खोबऱ्याचे काप वरून. तरी फाटली तर सांग, जावेनं ढवळली.

माहेरवाशीण_यवतमाळ: जाऊ हा धागा वाचते गं