आठवड्याची गोळी आईने रोज घेतली, केस मेडिकलवर करायची की डॉक्टरवर?

तापीकाठचा_पोऱ्या
राम राम मंडळी. आम्ही शिरपूर तालुक्यातले. आईला सांधेवात आहे, जळगावच्या डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू होती. त्यांनी मेथोट्रेक्सेट १० एमजी आठवड्यातून एकदा आणि सोबत फोलिक ॲसिड लिहून दिलं. गोळ्या आम्ही इकडच्याच एका मेडिकलवरून घेतल्या, मालक नव्हता, काउंटरवरच्या पोराने पाकिटावर पेनाने १-०-० मारून दिलं. आईला चिठ्ठीतलं इंग्रजी कुठे वाचता येतं, ती पाकीट बघून रोज सकाळी एक घेत राहिली. मग तोंड आलं, भाकरी जाऊद्या साधं पाणी गिळता येईना, ताप आला, धुळ्याला ॲडमिट केलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट एकदम खाली. आता घरी आहे पण अशक्तपणा खूप. मेडिकलवाला म्हणतो मी चिठ्ठीप्रमाणे माल दिला, डॉक्टरकडचे म्हणतात आम्ही वीकली लिहिलंय बघा. ओळखीचा एकजण म्हणतो सरळ पोलिसात जा. काय करावं?

खान्देशी_भरीत
तुन्ही माय आते कशी शे भो? काळजी ले. आणि बठ्ठा कागद सांभाळी ठेव, ते पाकीट तर आधी, मेडिकलवाल्याला "बघायला" म्हणून सुद्धा हातात देऊ नको.

बाररूम_बाहेर
मी वकील नाही, वकिलाकडे टायपिंग करतो, ग्राहक आयोगाच्या बऱ्याच फाईली हाताखालून गेल्यात, त्यावरून सांगतो. पैसे देऊन घेतलेली ट्रीटमेंट ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ लाच ठरवलंय, आणि औषधाचं बिल असेल तर दुकानदार पण आला. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे जळगावला चकरा नको, धुळ्याच्या जिल्हा आयोगात टाका. तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखाच्या आत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत २ वर्षं.

पोलिसाचं म्हणाल तर डॉक्टरवर गुन्हा दाखल करायला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या निकालापासून असंच आहे. तिथे जाऊन तुमची नुकसानभरपाई काही हातात येत नाही, नुसतं जबाब-जबाब होतं.

आता मुख्य. धुळ्याच्या हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या की पूर्ण केसपेपर पाहिजेत. मागणी केल्यापासून ७२ तासात द्यायचा मेडिकल कौन्सिलचा नियम आहे. डिस्चार्ज कार्डवर कारण काय लिहिलंय ते बघा. नुसतं "ताप, पेशी कमी" असेल तर समोरचा वकील म्हणेल डेंग्यू असेल. मेथोट्रेक्सेटमुळे झालं असं तिथल्या डॉक्टरांच्या हाताने आलं पाहिजे, नाहीतर फाईल लंगडी पडते.

गोळीवाली_ताई
मी फार्मासिस्ट आहे, अमळनेरकडची. ही चूक आमच्या लाईनीत जुनी आणि जगभर माहीत असलेली आहे. बीपी, शुगर, थायरॉईड सगळ्या गोळ्या रोजच्या, त्यामुळे काउंटरवरच्या पोराचा हात आपोआप १-०-० कडे जातो. त्यात या औषधाच्या काही ब्रँडच्या नावातच "फोलि" येतं आणि सोबत फोलिक ॲसिड असतं, अदलाबदल व्हायला अजून काय पाहिजे. पण नियम असा आहे की हे औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं. मालक दुकानात नव्हता आणि दुसरा फार्मासिस्ट पण नव्हता हा तुमच्या केसमधला सगळ्यात मोठा मुद्दा आहे, तो अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्या, त्याला आयोगाची वाट बघायची गरज नाही. बिलावर तारीख, वेळ, बॅच नंबर असतो, तेवढं पुरे.

आणि हिशोब बघा ना, आठवड्याला एक म्हणजे महिन्याला चार गोळ्या. पूर्ण स्ट्रिप दिली असेल तर तिथेच शंका यायला पाहिजे होती. मी चारच कापून देते आणि पाकिटावर मराठीत "फक्त सोमवारी" असा वार लिहिते, फोलिक त्या दिवशी नाही. आईला पुढे परत हे औषध चालू केलं तर तोंडात फोड, ताप, घसा दुखणं यातलं काहीही दिसलं की गोळी बंद आणि त्याच दिवशी रक्त तपासणी. किडनी कमजोर असेल तर हे औषध अंगात साचतं, आणि सल्फाची अँटिबायोटिक सोबत अजिबात नको. गावातल्या डॉक्टरकडे साध्या लघवीच्या त्रासाला गेलात तरी हे आधी सांगा.

सातपुडा_७७
डॉक्टरला कशाला ओढता यात, त्यांनी वीकली लिहिलंय ना. उद्या कोणी डॉक्टर खेड्यातला पेशंट घेणार नाही.

बाररूम_बाहेर
@सातपुडा_७७ दोष कोणाचा ते आयोग ठरवेल. डॉक्टरला पक्षकार केलं नाही तर दुकानदार पहिल्या तारखेलाच म्हणणार की चूक चिठ्ठीत आहे, मग बसा अर्ज करत. आणि वीकली लिहिलं पण कुठला वार, पेशंटला तोंडी सांगितलं का, रक्त तपासणी कधी करायची ते लिहिलं का, हे प्रश्न येणारच. चिठ्ठी स्वच्छ असेल तर ते सुटतील.

तापीकाठचा_पोऱ्या
सगळ्यांचे आभार. चिठ्ठी आत्ता परत बघितली, वीकली लिहिलंय पण वार नाही, अक्षर पण असं की मला दोनदा वाचावं लागलं. गोळ्या पूर्ण स्ट्रिपच दिली होती, रिकामी स्ट्रिप घरात सापडली. एकच विचारायचं, मेडिकलवाला काल घरी येऊन म्हणाला दवाखान्याचं निम्मं बिल देतो, विषय मिटवा. घ्यावे का?

बाररूम_बाहेर
घ्यायचे की नाही ते आईला विचारा. घ्यायचे ठरलं तर चेक किंवा ऑनलाईन घ्या, आणि "आमची काही तक्रार नाही" असं लिहिलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय आईचा अंगठा-सही काही होऊ देऊ नका. आईच्या नावाने तालुका विधी सेवा समितीत जा, महिलांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं तर १५१००.

गोळीवाली_ताई
स्ट्रिपचे आणि पाकिटाचे दोन्ही बाजूने फोटो आजच काढून ठेवा हो, पेनाची शाई पुसट होते.