वीस हजारात एकच सेकंडहँड सायकल, मसाई पठारालाही आणि ट्रायथलॉनलाही. जमेल का?

पन्हाळ्याचा_पंक्चर
मंडळी कोल्हापुरातून विचारतोय. बजेट २०,०००, त्यातच हेल्मेट बसवायचंय म्हणजे सायकलीला सतरा-अठराच धरा. रविवारी पन्हाळा चढून मसाई पठारावर कच्च्यातनं फिरायचं असतं (आजवर मित्राची सायकल मागून न्यायचो, आता तो फोनच उचलत नाही) आणि पुढच्या सीझनला एक स्प्रिंट ट्रायथलॉन करायचीय, ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. दोन सायकली शक्य नाहीत, एकीलाच आई जिन्याखाली जागा देईना. सध्या तीन बघून ठेवल्यात. एक २६ इंची चाकाची पुढंमागं सस्पेन्शनवाली ९ हजाराला, एक जुनी रोडबाईक २३ मिमीच्या टायरची १५ ला, आणि एक २९ इंची चाकाची एमटीबी (डोंगरातली सायकल), पुढं लॉकआऊटवाला (स्प्रिंगचं हलणं बंद करता येणारा) फोर्क म्हणजे चाक धरणारा चिमटा, डिस्क ब्रेक, १६ सांगतोय. उंची ५ फूट ७. कुठली घेऊ?

घाटवेडा
पहिलीवर डोळे झाकून फुली मार. नऊ हजारातलं डबल सस्पेन्शन म्हणजे चाकं लावलेली खाट, चढावर निम्मा जोर स्प्रिंगच खाते. रोडबाईक रेसला झकास, पण मसाईवरचा जांभा तू बघितलायस, २३ चा टायर तिथं किती टिकेल आणि मुख्य म्हणजे तिच्या फोर्कमध्ये जाड टायर शिरतच नाही. माझं गणित साधं आहे, फ्रेम ट्रेल (कच्चा रस्ता) बघून घ्यायची आणि टायर रेस बघून. बारीक टायर जाडवाल्या फ्रेममध्ये बसतो, उलटं होत नाही.
आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं, २९ ची रिम आणि रोडबाईकची ७००सी ची रिम, टायर बसायचा व्यास दोन्हीचा ६२२ मिमीच, नावं तेवढी वेगळी. म्हणजे त्याच चाकांवर रेसच्या आठवड्यात ७००x३५ नाहीतर ३८ चे गुळगुळीत (स्लिक) टायर चढवायचे, ट्यूबपण त्या मापाच्या घ्यायच्या, झालं. रिम फार रुंद असेल तर याहून बारीक जाऊ नकोस. २६ ला हे जमत नाही, तिचा व्यास ५५९, तिचे स्लिक वेगळे शोधत बसावे लागतात.

सायकलवाली_नाशिक
मी पहिली स्प्रिंट एमटीबीवरच केली, स्लिक टायर लावून, कुणी हसलं नाही (एक जण हसला, त्याला पळताना गाठला 😄). २० किमी ला २४ च्या स्पीडनं ५० मिनिटं लागतात आणि २७ नं साधारण ४४, म्हणजे सगळा जीव ओतून सहा मिनिटांचा प्रश्न आहे, एवढी तर पोहण्यात दिशा चुकली की जातात. नियम मात्र आयोजकांचे वाच, हेल्मेटशिवाय सोडत नाहीत आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं लागतात, सेकंडहँडला हमखास एक गायब असतं.

जुनी_चेन
पोरा, टायरचं सगळ्यांनी सांगितलं, आता सायकल बघायला जाशील तेव्हा फूटपट्टी घेऊन जा. चेनची एक पिन शून्यावर धर, १२ इंचावर बरोबर पिन आली पाहिजे. १/१६ इंच पुढं गेली तर चेन बदलायला झालीय, १/८ गेली तर मागचे दातेपण गेले समज आणि तेवढे पैसे कमी करून माग. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढंमागं हलव, हँडलखाली टकटक झाली तर हेडसेट (हँडलची बेअरिंग) ढिला. क्रँक (पेडलचा दांडा) आडवा हलवून बघ. सीटपोस्ट (सीटचा दांडा) वर-खाली होतोय का तेपण बघ, समुद्राकाठच्या सायकलीत तो गंजून आत चिकटतो, मग सायकल तुझ्या उंचीला बसणारी असली तरी बसत नाही.
सगळ्यात महत्त्वाचं, हँडलखालच्या नळीला खालची तिरकी नळी जिथं जोडलीय तिथं पुसून बॅटरी मारून बघ. रंगावर बारीक रेघ किंवा सुरकुती दिसली तर ती सायकल समोरून आदळलीय, फुकट दिली तरी पन्हाळ्याच्या उतारावर नेऊ नकोस. आणि बीबीखालचा (पेडलचा आस जातो त्या नळीखालचा) नंबर बिलाशी ताडून बघ, चोरीचा माल गळ्यात नको.

सपाट_हँडल
माझं मत थोडं वेगळं, स्वस्तातला स्प्रिंगवाला फोर्क अडीच किलोपर्यंत जातो आणि दोन वर्षांत आतून गंजतो. त्यापेक्षा साधा फोर्क असलेली हायब्रीड (रोडबाईक आणि एमटीबीच्या मधली) बघ जिच्यात ४० पर्यंतचा टायर जाईल, हात थोडे दुखतील पण चढाला सुख.
आणि मागचे दाते मोज. सगळ्यात लहान चक्र १४ चं असेल (जुन्या ७ गिअरच्या फ्रीव्हीलला, म्हणजे हबवर आट्यांनी बसणाऱ्या चक्रांच्या गठ्ठ्याला असतं) तर पुढच्या ४२ दात्यांच्या चक्रावर ९० च्या केडन्सनं (मिनिटाला पेडलचे फेरे) ३५ च्याच आसपास स्पीड, उतारावर पाय नुसते गरगर फिरणार. ११ चं असेल तर तेच ४४ च्या पुढं जातं. सपाटीला तुला १४ पण पुरेल म्हणा, पण फ्रीव्हीलवाल्या हबचा अ‍ॅक्सल (चाकाच्या मधला आस) कच्च्या रस्त्याला वाकतो, माझे दोन गेलेत.

पन्हाळ्याचा_पंक्चर
अपडेट. १६ वाली बघून आलो. चेन ठीक होती, पण काका तुम्ही सांगितलं तिथं बॅटरी मारली तर खरंच केसासारखी रेघ, मालक म्हणतो ओरखडा आहे, मी नख फिरवलं तर नख अडकलं. नमस्कार करून परत आलो.
आता पुण्यात हॉस्टेल सोडणाऱ्या एका पोराची हायब्रीड मिळतीय, साधा फोर्क, ११ चं चक्र, डिस्क ब्रेक, बिल आहे, १७ ला ठरली. बीबीखालच्या नंबरचा फोटो मागवून बिलाशी ताडला, जुळला. शनिवारी बघायला जाणार, फूटपट्टी बॅगेत टाकलीय. पण घेतली तर कोल्हापूरला आणायची कशी, बसमध्ये कुणी आणलीय का?

जुनी_चेन
दोन्ही चाकं काढ, फोर्कच्या टोकांमध्ये लाकडाचा तुकडा अडकव म्हणजे दबणार नाही. डिस्क ब्रेक तेलाचे असतील तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा घाल, वाटेत कुणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात. डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला राहील असं ठेव. आणि चाकाच्या स्क्यूअरच्या (आसातून जाणाऱ्या दांडीच्या) बारक्या स्प्रिंगा खिशात टाक, त्या हटकून हरवतात.